टर्नरची पोर

मखमलाबाद, २५ सप्टेंबर १९९८

झुंबर,

तुझ्या आईचा आशीर्वाद या कागदाच्या आधीच निघाला आहे. पेठच्या घाटात कुठे चहाला थांबला नसेल तर एव्हाना वापीला पोचलाही असेल.

लिहिते आहे तुझी मुलगी. मी बोलते एक आणि ही लिहिते नेटकं, शाळेतला निबंध असल्यासारखं. मी 'हाय' म्हटलं की ही 'आहे' करते. म्हणते, आजी, बाबा सुपरवायझर आहेत, पत्र त्यांच्या टेबलावर पडेल, कुणी उघडून वाचलं तर काय म्हणेल? मी म्हटलं, बरं बाई, टेबलाची अब्रू राखू.

इथलं सगळं बरं आहे. झेंडू भरात आहे, अष्टर जरा रुसलाय. तुझी सरिता पहाटे फुलं तोडते आणि दुपारी माझ्यावर चिडते, दोन्ही कामं मन लावून करते. माझा डावा गुडघा आता माझं ऐकत नाही, उजवा त्याच्याकडे बघून बिघडायला लागलाय. मंजी दहावीला आहे. अभ्यास करते की नाही ते मला कसं कळणार, पुस्तक सरळ धरलंय की उलटं एवढंसुद्धा मला सांगता येत नाही. (बाबा, मी करते. आजी उगीच बोलते.) काय लिहिलंस गं? मी तर आत्ता काही बोलले नाही.

धोंडीराम मंगळवारी टेम्पो घेऊन तिकडे फुलं टाकायला येतोय. त्याच्याबरोबर तुझ्या खंडेनवमीची माळ देते. सातपूरची कंपनी चालू होती तोवर तिथल्या सगळ्या मशीनच्या माळा मीच ओवायचे. तुम्ही मशीन नावाने ओळखायचात, मी मापाने. ड्रिलला हातभर, तुझ्या लेथला तीन हात, आणि त्या थोरल्या प्रेसची माळ ओवायला दोन बायका बसवायला लागायच्या. आता मंजी म्हणते, सुपरवायझरला स्वतःचं मशीन नसतं. मग तो पुजतो काय, खुर्ची? खुर्चीचं माप मला ठाऊक नाही. म्हणून लेथचीच माळ ओवली आहे. हाताखालच्या एखाद्या पोराच्या मशीनला घाल, त्याला बरं वाटेल.

दिवाळीला येणार का हे विचारायचं नाही असं सरिताने बजावलंय, म्हणून विचारत नाही. तुझ्या वाटणीच्या करंज्या करायच्या की नाहीत एवढं फक्त कळव.

तुझी आई


मखमलाबाद, ५ ऑक्टोबर १९९८

झुंबर,

आज धोंडीराम लिहितोय. त्याचं अक्षर त्याच्या टेम्पोसारखं हाय म्हणे, खडखडतं पण पोचवतं. तो मी बोलते तसंच लिहिणार. आन तोच कागद तुला आणून देणार. म्हणाला, काकू, मग मी तोंडीच सांगतो की. म्हटलं, तू तोंडी सांगशील तर टोचणारं तेवढं गाळशील.

तो वापीहून आला तो दर वेळेसारखा आपल्याकडंच जेवला. मी विचारलं, कसं हाय आमच्या साहेबाचं हापिस? ताटात बघून म्हणाला, लय भारी. खरं बोलणारा माणूस भाकरी एवढी चावत नाय. मंजी आन सरिता मळ्यात गेल्यावर मी त्याला धरला. लगेच नाय बोलला, तुझी शप्पथ होती त्याच्यावर. मी म्हटलं, धोंड्या, जन्मल्यावर तुला पयलं न्हाऊ मी घातलंय, तुझ्या शपथा मला शिकवू नको.

तर तुझ्या कंपनीजवळची ती चहाची टपरी सणामुळं बंद होती. दोन वर्सं माळ तिथं ठेवायला सांगायचास, मला वाटायचं साहेबाला वेळ नसंल. यंदा टपरी बंद, म्हणून धोंड्या माळ घेऊन सरळ कंपनीच्या गेटावर गेला. खाकी कपडे, शिट्टी, हातात काठी. आधी टेम्पोचा नंबर विचारलास आन मग वर बघितलंस.

माळ तू गेटालाच घातलीस म्हणे. एकाच फळीला पुरली. दुसरी तशीच राहिली. मापाची चूक माझी नाय. गेटाचं माप तू कधी कळवलंच नाय.

मी रागावले नाय. सातपूरला कंपनीला टाळं लागलं तेव्हा बंद गेटापुढं वरीसभर बसलास, आता उघड्या गेटात बसतोस. बढतीच म्हणायची. (झुंबर, हे मी नाय म्हणत, काकू म्हणते. धोंडीराम.) शिट्टी वाजवून पोट भरणं वाईट नाय. पण सुपरवायझर कशाला म्हणालास रे? मी गल्लीत पेढे वाटलेत. ती आक्काबाई अजून मला 'साहेबाची आई' म्हणते, आन मी हसून घेते. आता मला त्या हसण्याचासुद्धा कंटाळा येणार.

सरिताला ठाऊक हाय का, मला कळत नाय. पण ती कधी विचारत नाय की तुझ्या हाताखाली किती माणसं हायेत. जिला ठाऊक नसतं ती बाई विचारते.

मंजीला सांगणार नाय. ते तुझं तू सांग, तुझ्या तोंडानं, तुला जमंल तेव्हा. पुढच्या कागदात ती लिहायला बसंल तेव्हा मी तुला पुन्हा साहेब म्हणीन. तेवढं तुझ्यासाठी करते. माणसानं या वयात नाटकात काम करावं असं काय नाय, पण करते.

करंज्या केल्या तर धोंड्याबरोबर पाठवीन.

तुझी आई


मखमलाबाद, १५ जून १९९९

सुपरवायझरसाहेब,

तुमची मुलगी पास झाली. एकाहत्तर टक्के. आक्काबाईने विचारलं, एकाहत्तर म्हणजे चांगले का? मी म्हटलं, माझ्यापेक्षा बरेच जास्त आहेत.

आता खरं काम. मंजीला आयटीआयला जायचंय. शिवणकामाला नाही, लेथवर, टर्नर व्हायचंय. तुझा ट्रेड. मी ऐकलं तेव्हा निशिगंधाच्या जुड्या बांधत होते, एक जुडी सुटली माझ्या हातातून. म्हटलं, तुला कुणी सांगितलं गं हे? म्हणाली, कुणी नाही.

मग एके दिवशी दुपारी आपणहून बोलली. तुला आठवतंय ना, दसऱ्याला कंपनीत घरच्यांना न्यायचे, आणि प्रत्येक पोराच्या हातात बुंदीचा पुडा द्यायचे. हिला तू कडेवर घेऊन लेथसमोर उभा राहिला होतास, आणि ही विचारत होती, बाबा, हे चालतं कसं? तू म्हणालास, आज चालवायचं नसतं, आज ते देव आहे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. म्हणते, आजी, मी बाबांचं मशीन दर वर्षी पाहिलं आणि एकदाही चालताना पाहिलं नाही. मग टाळंच लागलं. मला ते चालवूनच बघायचंय.

(बाबा, हे एवढंच कारण नाही. मला गणित आवडतं आणि हातांनी केलेलं आवडतं. पण आजीला हेच कारण पटलं, म्हणून तिने हेच सांगितलं.) परत काहीतरी घुसडलंस ना?

आम्ही दोघी सातपूरला जाऊन आलो. रांगेत सगळी पोरं आणि त्यांचे बाप. एका बापाने मला सांगितलं, आजीबाई, शिवणकामाची रांग पलीकडे आहे. मी म्हटलं, शिवणकाम मला येतं, हिला लोखंडाचं शिकायचंय. तो हसला. चांगला हसला, कुजकं नाही. त्याचा मुलगा मात्र मंजीकडे असा बघत होता जणू ही त्याच्या वाटणीचं लेथ उचलून नेणार आहे.

सरिता म्हणते, अकरावी, बारावी, मग डी.एड. मास्तरीण झाली की स्थळं चालत येतात. सरिताचं चूक नाही. आणि माझं विचारशील तर मला दोन्हीकडची भीती वाटते. तुझे धुतलेले कपडे वाळत घातले तरी ऑइलचा वास जायचा नाही, आणि त्या वासासकट कंपनीने तुम्हांला बाहेर ठेवलं. ते मी विसरले नाही. पण ही ज्या तोंडाने टर्नर म्हणते, ते तोंड मी तुझ्यावर पाहिलेलं आहे, तू सतरा वर्षांचा असताना.

मंजी म्हणते, बाबांनी हो म्हटलं तरच जाईन. ते आत असतात, त्यांना रोज दिसतं, त्यांच्याएवढं आपल्याला कुठे कळतं. म्हणून तुला विचारते आहे. तू त्यातला माणूस आहेस. जपून सांग. ही तू सांगशील ते करील.

सगळे बरे आहेत, गुडघे सोडून.

तुझी आई


मखमलाबाद, ३ जुलै १९९९

झुंबर,

धोंडीराम लिहितोय. मंजी शाळेत दाखला आणायला गेलीय, तवर उरकायचं.

तुझा कागद आला. मंजीनंच वाचून दाखवला, उभ्यानं, पोस्टमन दारात असतानाच. तू काय लिहिलंस ते तुला ठाऊक हाय, पण माझ्या तोंडून पुन्हा ऐक, म्हंजी कसं ऐकू येतं ते कळंल.

'मी सुपरवायझर म्हणून सांगतो. टर्नरचे दिवस गेले. माझ्या हाताखाली वीस टर्नर रिकामे बसून आहेत. मुलीच्या जातीचं ते काम नव्हे. अकरावीला नाव घाल.'

वीस टर्नर. धोंड्या म्हणतो, तुझ्या हाताखाली एक कुत्रं हाय, गेटावरचं, आन तेबी तुझं ऐकत नाय.

पोरीनं कागद घडी करून तुझ्या फोटोमागं ठेवला. म्हणाली, बाबांना कळतं. बास, एवढंच. सरिता खूश झाली, शिरा केला. मंजीनं खाल्लाबी. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर फुलबाजारात आली, हिशोब केला, भांडली, सगळं नेहमीसारखं. परतताना सातपूरची बस आली तर तिकडं बघितलं नाय. बघितलं असतं तर मी कायतरी बोलले असते. तिनं बघितलंच नाय.

झुंबर, तू नको म्हण. माझं काय म्हणणं नाय. बाप हायेस, तुझा हक्क हाय. पण बाप म्हणून म्हण. टर्नर होतो, पोळलो, म्हणून नको, असं म्हण. पोरगी तुझ्याशी भांडंल, रडंल, नायतर ऐकंल. पण तू सुपरवायझर म्हणून नको म्हणालास, त्याला ती काय उत्तर देणार? ती समजते तू आत उभा राहून बघतोस. तू बाहेर उभा हायेस रे.

आन दिवस गेले म्हणतोस, तर या धोंड्यालाच विचार. टेम्पोचा आस गेला तर अंबडला लेथवाल्याच्या दारात दोन दिवस बसला. त्याच्यापुढं किती जण बसलेले. मालक म्हणाला, काम ढीगभर हाय, हात नाय मिळत. ते खरं का तुझं खरं, मला काय कळतंय. मी फुलवाली. पण दोन माणसं दोन सांगतात तेव्हा त्यातलं कोण कुठं उभं हाय ते बघावं, एवढं मला बाजारानं शिकवलंय.

डी.एड. वाईट नाय. तिला मास्तरीण व्हायचं असतं तर मी शिरा दुसऱ्यांदा मागून खाल्ला असता.

सोमवारी, एकोणीस तारखेला, आयटीआयचं नाव पक्कं करायचा शेवटचा दिवस हाय. लिस्टमधी तिचं नाव लागलंय, तिनं घरात कुणाला सांगितलं नाय. धोंड्यानं फळ्यावर बघितलं. तू तिला दोन ओळी लिही. 'मी गेटावर असतो, आतलं मला ठाऊक नाय, तुझं तू ठरव.' एवढ्याच. माझं नाव काढू नको, धोंड्याचं काढू नको. तुझं तू सांगितलंस असं होऊ दे.

तुझी आई


मखमलाबाद, १२ जुलै १९९९

झुंबर,

धोंड्या काल आला, आन आज लिहितोयबी तोच. मी म्हटलं, काय म्हणाला? म्हणाला, काकू, आधी पाणी द्या. दोन तांबे प्याला. मग बोलला.

तू म्हणालास, 'तिला सांग, पोरीला कळलं त्या दिवशी मी मेलो. पुन्हा नाशिकचं तोंड बघणार नाय.'

धोंड्यानं तुला विचारलं, अरे पण का? तर म्हणालास, 'घरातली सगळी मला काय समजतात ते मला ठाऊक हाय. एकटी ती मला अजून कायतरी समजते.'

हे त्यानं सांगितलं तेव्हा मी झाडून टाकलेल्या पाकळ्या गोळा करत होते. करतच राहिले. मला वाटलं होतं, तुला लोकांची लाज हाय, आक्काबाईची, भाऊबंदांची. त्यांना मी पुरून उरले असते. पण तू त्या पोरीच्या डोळ्यात राहतोस आन तिथून तुला कुणी उठवू नये म्हणतोस. आन तिथं राहायचं भाडं ती भरतीय, हे तुला दिसत नाय.

(मी विचारलं, काकू, हे लिहू का? काकू म्हणते, लिही. धोंडीराम.)

मी थकले रे. गुडघ्यानं नाय. मंजी माझ्या डोक्याला तेल लावते आन विचारते, आजी, बाबांच्या हापिसात पंखा असंल ना, तिकडं लय उकडतं म्हणे. मी म्हणते, असंल. सरिता तिच्यासाठी अकरावीची पुस्तकं बघायला शालिमारला जाऊन आली. घरात सगळी एकमेकांशी गोड बोलतात. एवढं गोड मला सोसत नाय. भांडण असतं तर मी दोन्हीकडून तोंड घातलं असतं, थोडी करमणूक झाली असती.

तुझा बाप असता तर त्यानं काय केलं असतं? काय नाय. विडी ओढली असती आन म्हणाला असता, तुझं तू बघ. आयुष्यभर तो तेच म्हणाला आन मी बघत आले.

तू लहान असताना तुझं खोटं मी पोटात घातलंय. शाळेत गेलो म्हणायचास आन गोदावरीवर पोहायचास, केस ओले घेऊन यायचास, मी टॉवेल द्यायचे, विचारायचे नाय. ते खोटं फक्त तुला लागायचं. हे तिला लागतंय.

शुक्रवारपर्यंत वाट बघते. तोवर तुझी दोन ओळींची चिठ्ठी आली तर ठीक. नाय आली तर लिहिणारं माणूस बदलीन.

तुझी आई


मखमलाबाद, १६ जुलै १९९९, शुक्रवार

झुंबर,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढचं वाचल्यावर तुला तो नकोसा वाटेल.

पोस्टमन आला आणि गेला. आक्काबाईच्या मुलाचं पत्र होतं, आपलं काही नव्हतं.

आज मंजीला बसवलंय लिहायला. तिला सांगितलं आहे की मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, मध्ये घुसडायचं नाही आणि संपेपर्यंत मला काही विचारायचं नाही. ती म्हणाली, आजी, मी काय टाइपरायटर आहे का? म्हटलं, हेही लिही.

सरिता मळ्यात आहे. तिला मी काल विचारलं, उद्या मंजीशी बोलू का? तिने फुलांवरून नजर उचलली नाही. म्हणाली, तुम्हीच बोला आई, माझ्याने व्हायचं नाही. म्हणजे तिलाही ठाऊक होतं, आणि ती माझ्यासारखीच गोड बोलत होती.

मंजे, लिही. तुझा बाप सुपरवायझर नाही.

लिही. तो वापीच्या कंपनीत गेटावर वॉचमन आहे. गेला त्या दिवसापासून तेच काम करतो. धोंडीरामने त्याला दसऱ्याला पाहिलं आणि मला सांगितलं. तेव्हापासून मी तुझ्याकडून 'सुपरवायझरसाहेब' लिहून घेत आले, आणि तू चांगल्या अक्षरात लिहीत आलीस.

पेन ठेवू नकोस. रडायचं तर कागद बाजूला धरून रड, शाई पसरते म्हणतात.

त्याच्या हाताखाली वीस टर्नर नाहीत. टर्नरचे दिवस गेले की नाही हे त्याला ठाऊक नाही, तो मशीनपाशी जातच नाही. तुला वाचवायचं म्हणून त्याने लिहिलं, त्याला टर्नरगिरीने काय दिलं ते त्याच्या डोक्यात बसलंय. आणि आपलं खोटं उघडं पडू नये म्हणूनही लिहिलं. दोन्ही खरं आहे. एकच धरशील तर बापावर अन्याय करशील.

झुंबर, आता तुझ्याशी. पोरीला कळलं तर नाशिकचं तोंड बघणार नाही म्हणालास. मी ऐकलं. पाच दिवस मी ते घेऊन बसले होते. तू माझा एकुलता एक मुलगा. दर सणाला मी दाराकडे बघते आणि बघितलं नाही असं दाखवते. तू आला नाहीस तर ते आता माझ्यामुळे. पण या पोरीने तुझ्या वीस टर्नरांना भिऊन सोमवार घालवला असता, आणि पुढे कधीतरी तिला कळलं असतं. कळतंच. तेव्हा तू तिच्या डोळ्यातूनही उठला असतास आणि माझ्याही. मी आत्ताच उठवलं तुला. थोडं खरचटेल.

मंजे, आता तुझं. टर्नर हो असं मी म्हणत नाही. चौदा वर्षं तुझ्या बापाने घासली आणि एके सकाळी गेटाला कुलूप होतं, हे विसरू नकोस. तुझ्या आईचं डी.एड.सुद्धा वेडेपणा नाही. अकरावीला जा नाहीतर सातपूरला जा, मी दोन्हीकडे डबा देईन. फक्त जे ऐकलंस ते कोण कुठे उभं राहून बोललं हे तुला ठाऊक असावं, एवढंच मला पाहिजे होतं.

बास. माझं झालं. उद्याच्या जुड्या बांधायच्या आहेत. उरलेला कागद तुझा.

तुझी आई

बाबा,

आजी उठून गेली. दर वेळी शेवटी म्हणते, वाच बघू काय लिहिलंस. आज म्हणाली नाही. निशिगंध पुढ्यात घेऊन ओट्यावर बसली आहे, आणि अजून एकही जुडी बांधलेली नाही.

मला राग आला आहे. तुमचा, आजीचा, आईचा, धोंडीकाकांचा. कोणाचा जास्त ते अजून ठरत नाही. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं आहे की माझे बाबा सुपरवायझर आहेत. तेही आता परत घ्यायला लागेल, ते तुमच्यासाठी नाही, मला तसं राहता येणार नाही म्हणून.

तुमचं पत्र पुन्हा वाचलं. वॉचमन समजून वाचलं की वेगळं वाटतं. आधी मला ते ऑर्डरसारखं वाटलं होतं. आता वाटतं, तुम्ही ते लिहिताना घाबरला होतात.

मी सोमवारी सातपूरला जाणार आहे, नाव पक्कं करायला. आईला आज सांगेन. ती रडेल, मग डबा कोणता द्यायचा ते विचारेल. हे पत्र तुम्हांला मिळेल तोवर सोमवार होऊन गेलेला असेल, त्यामुळे तुम्ही नको म्हटलंत तरी काही बदलणार नाही.

पण मला एक विचारायचं आहे आणि ते इथे कुणालाच ठाऊक नाही. आजीला नाही, रांगेतल्या पोरांच्या बापांना नाही. आत बसलेल्या साहेबांनाही नसेल, ते कुठे बघतात. रोज सकाळी पाळी सुरू होताना सगळे तुमच्यासमोरून आत जातात. त्यांच्यात कामाचे कपडे घातलेली एखादी मुलगी असते का? ऑफिसातली नाही, मशीनवरची.

असली तर कळवा. नसली तरी कळवा.

मंजुषा